मागच्या बाकावरची चाळीस मिनिटं

आमच्या केंद्रात एक वाडी आहे. शाळा दोनशिक्षकी, पहिली ते चौथी. शाळेत मोबाईलला रेंज येत नाही. हवी असेल तर शाळेमागच्या टेकाडावर म्हसोबाच्या दगडापाशी जाऊन उभं राहायचं. तिथे दोन काड्या येतात. म्हसोबा प्रसन्न असला तर तीन, असं तिथले गुरुजी गमतीने म्हणतात.

२०२३ च्या सप्टेंबरात मी त्या शाळेत गेलो होतो. तिसरीच्या बाई वाचनाचा तास घेत होत्या. मी मागे सतरंजीवर टेकलो, वही काढली, आणि तेवढ्यात आठवलं की एका लिंकवर दहा शाळांची माहिती दुपारी दोनच्या आत भरायची आहे. सकाळी घरातून निघताना मेसेज आला होता. शेवटी तीन उद्गारचिन्हं होती. मी उठलो, बाईंना खुणेनेच 'चालू द्या' म्हटलं, वर्गाचा एक फोटो काढला (भेटीचा पुरावा लागतो) आणि टेकाड चढलो. लिंक उघडेना. उघडली तर 'सबमिट' होईना. खाली आलो तेव्हा मुलं खिचडी खाऊन हात धूत होती. शेरेपुस्तकात मी लिहिलं, 'वर्गाध्यापन समाधानकारक.' वेलांटी-उकारसुद्धा चुकवले नाहीत!

डिसेंबरच्या शिक्षण परिषदेत चहाच्या वेळी त्या बाई जवळ आल्या. म्हणाल्या, "सर, त्या दिवशी तुम्हाला एक विचारायचं होतं. पाच-सहा मुलं अक्षरं ओळखतात, बाराखडी घडाघडा म्हणतात, पण शब्द आला की अडतात. काय करू ते कळत नव्हतं. तुम्ही टेकडीवर होतात, मग राहूनच गेलं."

त्यात तक्रार नव्हती, म्हणूनच ते जास्त लागलं. कारण त्यांच्या प्रश्नाचं उत्तर मला ठाऊक होतं. बाराखडी मुलं चालीवर म्हणतात, डोळे फळ्यावर नसतातच. ती ओळ मोडावी लागते. का-मा-ना-सा अशी एकच मात्रा वेगवेगळ्या अक्षरांना लावून, क्रम उलटापालटा करून, बोट ठेवून वाचून घ्यावी लागते. दहा मिनिटांत दाखवता आलं असतं. मी विचारलं, "आता कशी आहेत ती मुलं?" बाई म्हणाल्या, "तिघं आहेत. दोघं दिवाळीनंतर ऊसतोडीला गेली आई-बापाबरोबर. हंगामी वसतिगृहात ठेवा म्हटलं, नाही ऐकलं."

म्हणजे सप्टेंबर ते दिवाळी एवढीच त्या दोन मुलांची मुदत होती. ती माझ्या हातात होती आणि मी ती म्हसोबाच्या दगडापाशी घालवली.

तर मंडळी, आज लिहायचं आहे ते याबद्दल. आमच्या कामात डिजिटल साधनं आली, ती यावीत याबद्दल माझं दुमत नाही. पण ती कोणाचं काम सोपं करण्यासाठी आली, हा प्रश्न मला त्या डिसेंबरपासून सोडत नाही.

शहरातल्या वाचकांसाठी थोडं सांगतो. केंद्रप्रमुख म्हणजे साधारण दहा-बारा प्राथमिक शाळांचा गट सांभाळणारा माणूस. महाराष्ट्रात हे पद १९९४-९५ च्या सुमारास निर्माण झालं. त्यामागची कल्पना त्याहून जुनी. १९६४-६६ च्या कोठारी आयोगाने 'शाळा संकुल' सुचवलं होतं, म्हणजे जवळपासच्या शाळांनी एकमेकींना धरून राहावं, एकट्या पडू नये. त्या आयोगाचे सदस्य-सचिव होते आपले जे. पी. नाईक. कोल्हापूर जिल्ह्यातल्या खेड्यातून आलेला हा माणूस, त्यामुळे वाडीवरची एकटी शाळा म्हणजे काय हे त्यांना कुणी समजावून सांगायची गरज नव्हती. पुढे सर्व शिक्षा अभियानात तालुक्याला गटसाधन केंद्र आलं, विषयतज्ज्ञ आणि साधनव्यक्ती आल्या. या सगळ्यांचं मूळ काम एकच: शिक्षकाच्या वर्गात जाऊन बसणं, पाहणं, नंतर त्याच्याशी बोलणं, एखादी गोष्ट स्वतः करून दाखवणं आणि पुढच्या खेपेला काय झालं ते पाहायला परत येणं. अमेरिकेत याच कामाला कोच म्हणतात. आपल्याकडे साहेब म्हणतात. फरक तिथूनच सुरू होतो.

आता डिजिटलचा इतिहास पाहा. यू-डायस आधी कागदावर भरायचो, २०१८-१९ पासून ते पूर्ण ऑनलाइन झालं. २०१५ मध्ये 'सरल' आलं. २०१७ मध्ये 'दीक्षा' आलं आणि बालभारतीच्या पुस्तकांवर क्यूआर कोड दिसू लागले. शिक्षकांच्या पगारासाठी 'शालार्थ' आहेच. पोषण आहाराची रोजची नोंद वेगळी. यातलं एकेक वेगळं घेतलं तर कशालाच नावं ठेवता येणार नाहीत. पगार वेळेवर निघावा, पटसंख्या खरी कळावी, यात वाईट काय आहे? अडचण होते ती या सगळ्यांच्या मधल्या फटींत. एका ठिकाणी भरलेली माहिती दुसऱ्या टेबलावर पोचत नाही, म्हणून तिसरा माणूस व्हॉट्सॲपवर एक्सेलचा तक्ता टाकतो आणि 'तात्काळ' लिहितो. मुलींची संख्या, दिव्यांग मुलांची संख्या, स्वच्छतागृहं, पाण्याची टाकी... टाकी काही दर आठवड्याला बदलत नाही हो! पण विचारली दर आठवड्याला जाते.

कागदाच्या काळात माहिती मागवायला खर्च यायचा. पत्र टाईप करायचं, सायक्लोस्टाईल काढायचं, शिपाई पाठवायचा. म्हणून मागणारा दोनदा विचार करायचा. आता मागायला काहीच लागत नाही, फक्त अंगठा. द्यायला मात्र तेवढेच कष्ट लागतात. साधनं आली आणि काम वाढलं, याचं मला तरी हेच कारण दिसतं.

आता तुम्ही म्हणाल, साहेब लोक शाळेत जातच नव्हते, घरी बसून शेरे लिहायचे, म्हणून तर फोटो आणि जीपीएस आलं. खरं आहे. मी ते नाकारत नाही. असे लोक मी पाहिले आहेत. पण मग मी तरी वेगळं काय केलं? त्या सप्टेंबरातली माझी भेट कुठल्याही यंत्राने तपासली असती तर शंभर टक्के खरी निघाली असती. जागा बरोबर, वेळ बरोबर, फोटो स्पष्ट. मी शाळेत पोचलो होतो एवढं जीपीएस सांगू शकतं. मी वर्गात होतो का, हे त्याला कळत नाही.

याबाबत केनियाचं उदाहरण मला नेहमी आठवतं. तिथे २०१५ पासून 'तुसोमे' नावाचा वाचनाचा मोठा कार्यक्रम चालला. स्वाहिलीत तुसोमे म्हणजे 'चला, वाचूया'. आमच्यासारख्याच तिथल्या क्षेत्रीय अधिकाऱ्यांना टॅबलेट दिले. त्यात टँजरिन नावाचं साधन होतं, ते नेटवर्क नसतानाही चालतं. अधिकारी वर्गात बसून पाठ पाहायचा, त्याच टॅबलेटवर मुलांपैकी तिघांचं वाचन ऐकायचा, आणि पाहिलेल्यावरून शिक्षकाशी काय बोलावं याची सूचना तिथल्या तिथे समोर यायची. जीपीएस तिथेही होतंच. पण ते प्रवासभत्त्याला जोडलेलं होतं. भेट नोंदली गेली की मोटारसायकलच्या पेट्रोलचे पैसे मिळायचे. जीपीएस तेच. आपल्याकडे ते संशयापोटी आलं, तिथे त्याने निदान त्या माणसाच्या पेट्रोलची सोय केली. आणि मुख्य म्हणजे टॅबलेटवरचं कामच असं होतं की ते करायला मुलांजवळ बसावं लागायचं. टेकडीवर जाऊन ते उरकता येत नव्हतं.

दुसरं उदाहरण दक्षिण आफ्रिकेचं. म्पुमालांगा प्रांतात २०१७ पासून तीन वर्षं एक प्रयोग झाला. पन्नास शाळांत मार्गदर्शक स्वतः वर्गात जायचे. दुसऱ्या पन्नास शाळांत शिक्षकांना टॅबलेट दिले आणि मार्गदर्शक फोनवरून, मेसेजवरून बोलायचे. पाठांचा आराखडा दोघांना सारखाच. आणखी ऐंशी शाळा तुलनेसाठी तशाच ठेवल्या. सुरुवातीला दोन्हींचा परिणाम जवळपास सारखा दिसला, आणि लोकांना वाटलं असणार की प्रवासाचा खर्च वाचला! पण तीन वर्षांनी हिशेब केला तेव्हा प्रत्यक्ष भेटीच्या शाळांत मुलांचं इंग्रजी बोलणं आणि वाचन दोन्ही सुधारलेलं होतं. दुरून मार्गदर्शन मिळालेल्या शाळांत बोलणं थोडं सुधारलं, इंग्रजी वाचनावर परिणाम नव्हता, आणि मुलांच्या मातृभाषेतल्या वाचनाचं तर उलट नुकसान झालेलं आढळलं.

प्रामाणिकपणे दुसरी बाजूही सांगायला हवी. अमेरिकेत मॅथ्यू क्राफ्ट आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी २०१८ मध्ये शिक्षक-मार्गदर्शनाच्या साठ अभ्यासांचा एकत्र आढावा घेतला. त्यात प्रत्यक्ष आणि दूरस्थ मार्गदर्शनात ठळक फरक दिसला नव्हता. म्हणजे फोनवरचं बोलणं कुचकामी असतं असा नियम काढता येत नाही. पण त्याच आढाव्यात आणखी एक गोष्ट होती. मार्गदर्शनाने शिकवणं सुधारतं हे खरं, पण लहान उपक्रमांत जो गुण येतो तो उपक्रम मोठा केला की ओसरतो. मला यात आश्चर्य वाटलं नाही. दहा शिक्षकांचं शिकवणं मला आठवतं. चाळीस शिक्षकांच्या मला फक्त रकाने भरता येतात.

डिसेंबरच्या त्या चहानंतर मी माझ्यापुरत्या काही गोष्टी बदलल्या. फार मोठ्या नाहीत, पण इथे लिहितो. कुणा केंद्रप्रमुखाच्या उपयोगी पडल्या तर बरंच आहे.

पहिली गोष्ट, केंद्रातल्या एका तरुण शिक्षकाने सगळ्या शाळांसाठी एकच गुगल शीट बनवलं. मुख्याध्यापकांनी महिन्यातून एकदा बदल करायचा, बस. वरून कुठलाही तक्ता मागितला की मी त्यातूनच काढून देतो, शाळेला विचारत नाही. पहिल्याच महिन्यात माझे फोन इतके कमी झाले की एका गुरुजींनी "सर, तब्येत बरी आहे ना?" असं विचारलं.

दुसरी, भेटीचा माझा स्वतःचा पाच प्रश्नांचा फॉर्म. ओडीके नावाच्या मोफत साधनात बनवला, तो नेट नसताना भरतो आणि रेंज आली की आपोआप जातो. वर्गात मी मोबाईल काढत नाही, वहीच असते. फॉर्म नंतर गाडीपाशी उभा राहून भरतो. आणि भेटीच्या आधी, गाडीवरून उतरतानाच, त्या बाईंबरोबर मागच्या खेपेला काय ठरलं होतं ते शोधून वाचतो. ही एक सवय मला सगळ्या पोर्टलांपेक्षा जास्त उपयोगाची वाटते. "बाई, ते मात्रांचं मागच्या वेळी ठरलं होतं, कसं चाललंय?" असं दारातच विचारलं की चेहरा बदलतो. तपासणीला आलेला माणूस आणि आठवण ठेवून आलेला माणूस यांतला फरक शिक्षकाला एका वाक्यात कळतो.

तिसरी, बोलून टाईप करणं. आता मोबाईल मराठी बऱ्यापैकी ऐकतो. 'जोडाक्षर' म्हटलं की कधी 'जोडा अक्षर' लिहितो, तेवढं सुधारून घ्यावं लागतं. पण रात्री तासभर अहवाल लिहीत बसायचो ते पंधरा मिनिटांवर आलं. हल्ली तर माझ्या तुटक टिपणांवरून कृत्रिम बुद्धिमत्ता मासिक अहवालाचा नीटस मसुदा करून देते. तो मी वाचून, चुका काढून पुढे पाठवतो. खुशाल करू दे. तो अहवाल तसाही यंत्राच्याच भाषेत लिहावा लागायचा. फक्त एक पथ्य पाळतो. शिक्षकाला काय सांगायचं, ते यंत्राला विचारत नाही. मी पाहिलेलं मी सांगतो.

चौथी गोष्ट वाचन रेकॉर्ड करण्याची. मुलाच्या वाचनाचं एक मिनिट बाई स्वतःच्या फोनवर रेकॉर्ड करतात. जुलैत एकदा, दिवाळीआधी एकदा. ते त्यांच्याकडेच राहतं, मी मागत नाही, कुठल्या ग्रुपवर टाकायचं नाही, वर्ष संपलं की पुसायचं. आम्ही दोघं बसून ऐकतो. जुलैतलं अडखळणं आणि ऑक्टोबरातलं वाचणं एकापाठोपाठ ऐकलं की कुणी कुणाला शेरा द्यायची गरज राहत नाही.

आणि पाचवी, जी मी करत नाही ती. माझी वर्गातली टिपणं मी वर पाठवत नाही. भेट झाली, तारीख ही, विषय हा, एवढंच जातं. यावर एकदा मला विचारणा झाली. मी सांगितलं, बाईंनी मला जे अडलेलं दाखवलं ते उद्या कुठल्या पडद्यावर लाल रंगात दिसणार असेल, तर परवापासून त्या मला फक्त पाठ करून घेतलेला धडा दाखवतील. मग माझी भेट आणि शाळेचं स्नेहसंमेलन यांत फरक काय? वरच्यांना मुलांची प्रगती कळायला हवी, त्याच्या चाचण्या होतात, त्या व्हाव्यात. पण शिक्षकाची अडचण ही त्याने विश्वासाने सांगितलेली गोष्ट आहे. तिचा आकडा करू नये. डॉक्टरला दाखवलेली जखम चावडीवर लावत नाहीत.

मला विचाराल तर साधनांसाठी एकच कसोटी असावी. कुठलंही नवं पोर्टल किंवा ॲप आलं की विचारायचं, याने वर्गातल्या मागच्या बाकावर मला किती मिनिटं जास्त मिळणार? मिळणार असतील तर या. जाणार असतील तर माफ करा. आणि नवी लिंक उघडायची असेल तर आधी एक जुनी बंद करा. घरात नवं कपाट आणताना आपण जुनं बाहेर काढतोच ना? शाळेने एकदा दिलेली माहिती पुन्हा शाळेकडे मागायची नाही, एवढा एक नियम जरी पाळला तरी राज्यभरातल्या केंद्रप्रमुखांना किती तास परत मिळतील याचा हिशेब कुणीतरी करावा. त्या हिशेबासाठी मात्र कृपा करून आमच्याकडे तक्ता मागू नका!

चाळीस मिनिटं हा आकडा मी उगाच घेतलेला नाही. प्राथमिकचा एक तास साधारण तेवढाच असतो. बाईंनी फळ्यावर लिहायला सुरुवात केल्यापासून वह्या मिटेपर्यंत पाहिलं, तर त्यांना काय अडतंय ते त्यांनी न सांगताही दिसतं. दहा मिनिटं पाहिलं तर फक्त हस्ताक्षर दिसतं.

ऊसतोडीला गेलेल्या त्या दोघांपैकी एकजण एप्रिलच्या शेवटी परत आला. मुद्दाम गेलो होतो. बाईंनी त्याला पुढे बोलावलं, पुस्तक उघडून दिलं. तो बाराखडी घडाघडा म्हणाला, चालीवर, खिडकीबाहेर बघत. मग बाईंनी ओळ मोडली आणि 'मा'वर बोट ठेवलं. त्याने बराच वेळ त्याकडे पाहिलं. मी मागे सतरंजीवर बसलो होतो. फोन गाडीच्या डिकीत ठेवला होता, तिथे तो वाजला असेल तर मला माहीत नाही.

दुसरा मुलगा अजून आलेला नाही. त्याच्या नावापुढे शीटमध्ये एक रिकामा चौकोन आहे. भेटीला निघताना मी तो रोज बघतो.